मुलगा बोलत का नाही?

जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीजवळची एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. जवळपासच्या रोलिंग मिलमध्ये लोखंडी सळया तयार होतात. तिथे कामाला बिहार, उत्तर प्रदेशातून माणसे येतात. त्यांतील काही जण पुढे बायकामुलांनाही घेऊन येतात. अशा एका घरातील आठ वर्षांचा मुलगा जूनमध्ये तिसरीत दाखल होतो. घरी भोजपुरी, शाळेत मराठी. दिवाळीची सुट्टी जवळ येते, तरी मुलगा वर्गात तोंड उघडत नाही. हजेरीला फक्त हात वर करतो. वहीत फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवून काढतो, पण विचारले तर खाली मान.

अशा वेळी मुख्याध्यापकांना तीन काळज्या वाटतात. मुलगा बुद्धीने कमी तर नाही ना? त्याला खालच्या वर्गात बसवावे का? आणि वडिलांना काय सांगावे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ठरलेले असते. वडिलांना बोलावून सांगितले जाते, "भैया, घरातही त्याच्याशी मराठीतच बोलत जा. म्हणजे लवकर शिकेल."

हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो. पण तो बरोबर आहे का? परभाषेत शिकणाऱ्या मुलांविषयी आता बरीच माहिती गोळा झाली आहे. तिच्या आधारे हा प्रश्न तपासून पाहू. सुरुवात मात्र पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका चिनी मुलापासून आणि त्याच्या हेडमास्तरांपासून करू.

हेडमास्तर ब्राउन आणि युंग विंग

१८३९ साली मकाव येथे चिनी मुलांसाठी 'मॉरिसन शाळा' सुरू झाली. १८४२ मध्ये ती हाँगकाँगला हलली. सॅम्युअल रॉबिन्स ब्राउन हे अमेरिकन गृहस्थ तिचे हेडमास्तर होते. मकावजवळच्या खेड्यातील एका गरीब घरचा युंग विंग हा मुलगा १८४१ मध्ये या शाळेत आला. शाळेची एक पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. दिवसाचा अर्धा वेळ इंग्रजीतून शिक्षण आणि उरलेला अर्धा वेळ चिनी भाषेचे शिक्षण असे.

पुढे तब्येतीमुळे ब्राउन यांना मायदेशी परतावे लागणार होते. जाण्यापूर्वी त्यांनी वर्गात विचारले, माझ्याबरोबर अमेरिकेत शिकायला कोण येईल? युंग विंग उभा राहिला. त्याच्यामागून आणखी दोघे उभे राहिले, वाँग शिंग आणि वाँग फून. मुले परदेशी गेली तर घरी हातभार कोण लावणार, हीही काळजी होती. म्हणून पालकांना निदान दोन वर्षे मदत मिळेल अशी सोय करण्यात आली. जानेवारी १८४७ मध्ये चहा वाहून नेणाऱ्या जहाजातून ही मंडळी निघाली आणि एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला पोहोचली.

वाँग शिंग आजारपणामुळे लवकरच परतला. वाँग फून पुढे एडिंबरोला जाऊन डॉक्टर झाला. युंग विंग १८५४ मध्ये येल येथून पदवीधर झाला. अमेरिकन विद्यापीठाची पदवी घेणारा तो पहिला चिनी विद्यार्थी मानला जातो. येलला त्याला गणित जड गेले, पण इंग्रजी निबंधाची पहिली बक्षिसे त्याने मिळवली. ही बक्षिसे मॉरिसन शाळेत नाव घातल्यापासून सुमारे दहा वर्षांनी मिळाली, एवढे ध्यानात ठेवू. त्याची पुढची गोष्ट थोड्या वेळाने पाहू. आता आपल्या तिसरीतल्या मुलाकडे वळू.

गप्प राहण्याचा काळ

तान्हे मूल जन्मल्यावर लगेच बोलत नाही. वर्षभर ते ऐकते आणि मग पहिला शब्द उच्चारते. त्या वर्षात ते काहीच शिकत नव्हते असे आपण म्हणत नाही. नव्या भाषेत येऊन पडलेल्या मुलाचेही पुष्कळदा असेच होते. ते ऐकते, दुसऱ्यांच्या हालचाली पाहते, आवाज आणि अर्थ यांच्या जोड्या लावते; पण बोलत नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक याला 'मौनाचा काळ' म्हणतात. काही मुलांत तो काही आठवड्यांचा असतो, तर काहींमध्ये कित्येक महिन्यांचा. सगळीच मुले यातून जातात असे नाही. काही धीट मुले दुसऱ्याच दिवशी मोडके-तोडके बोलू लागतात. परंतु गप्प राहणे हे मंदपणाचे लक्षण नव्हे.

मूल शिकते आहे की नाही हे ओळखण्याचा मार्ग म्हणजे न बोलता करता येईल असे काम देणे. "खिडकी लाव", "लाल खडू आण", "सगळ्यात मोठ्या संख्येवर बोट ठेव" अशा सूचना द्याव्यात. मात्र आपण हाताने खुणा करायच्या नाहीत. जूनमध्ये या सूचनांवर गोंधळणारा मुलगा ऑक्टोबरमध्ये त्या पाळत असेल, तर त्याचे शिक्षण चालू आहे.

कानाला न सापडणारा आवाज

नवी भाषा ऐकणे हेदेखील सोपे काम नाही. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आपल्याला जवळचा वाटेल, कारण त्यात 'त' आणि 'ट' हे आपले दोन आवाज होते. इंग्रजीत हा भेद नाही. तरीही इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना 'त' आणि 'ट' वेगळे ऐकू येत होते! दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो भेद कळला. हिंदी बोलणाऱ्या घरांतील त्याच वयाच्या बाळांना मात्र तो कळत होता. याचा अर्थ असा, की बाळाचा मेंदू पहिल्याच वर्षात घरच्या भाषेला उपयोगी भेद पक्के करतो आणि बिनकामाच्या भेदांकडे लक्ष देणे कमी करतो.

आता आपला कान तपासून पाहा. प्रमाण चिनी भाषेत 'मा' हा शब्द चार वेगवेगळ्या सुरांत म्हटला तर त्याचे अर्थ आई, ताग, घोडा आणि रागावणे असे वेगवेगळे होतात. चिनी मुलाला हे चार निराळे शब्द वाटतात. आपल्याला एकच 'मा' चार वेळा म्हटल्यासारखे वाटते. तसेच भोजपुरी मुलाला 'काळा' आणि 'काला' यांत फारसा फरक जाणवत नाही, कारण त्याच्या भाषेत 'ळ' नाही. ओडिशातून आलेल्या मुलाला मात्र 'ळ' चटकन जमतो. त्याच्या भाषेत तो आहे. 'चार' मधला 'च' आणि 'चाक' मधला 'च' वेगळा, हे तर आपण लिहिताना दाखवतही नाही. मग नव्या मुलाने ते ओळखायचे कसे? मोठेपणी हे भेद शिकता येतात, पण पुष्कळ ऐकल्यावर आणि हसू न होता बोलायला मिळाल्यावर.

चुका नव्हे, घरच्या भाषेच्या खुणा

मुलगा बोलू लागला की चुका दिसू लागतात. "माझा वही", "ती पुस्तक". शिक्षक वैतागतात, इतके दिवस झाले तरी हे साधे कळत नाही! पण हे साधे नाही. 'दिवा' तो, 'वही' ती आणि 'पुस्तक' ते, असे का, याचे कारण आपल्यालाही सांगता येणार नाही. हिंदीत दोनच लिंगे आहेत. भोजपुरीत आणि मैथिलीत निर्जीव वस्तूंच्या लिंगाची पकड फारच सैल आहे.

चिनी विद्यार्थी इंग्रजी बोलताना बाईला 'ही' आणि पुरुषाला 'शी' म्हणून जातो. चिनीत 'तो' आणि 'ती' या दोहोंचा उच्चार एकच आहे, 'ता'. शिवाय चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही. म्हणून 'काल मी जातो' अशा धर्तीची वाक्ये तो इंग्रजीत करतो. त्याला काल आणि आज यांतला फरक कळत नाही असे कोणी म्हणेल का?

आणखी एक उदाहरण घ्या. भोजपुरीत 'हम' म्हणजे 'मी'. तो मुलगा मराठीत "आम्ही आलो" असे एकट्यापुरते म्हणाला, तर तो ऐट करत नसतो. आपण शिक्षकांनी अशा चुकांची आठवडाभर यादी केली, तर त्या वाटेल तशा विखुरलेल्या नाहीत, त्यांत नियम आहे, हे दिसून येईल. घरची भाषा जिथे मराठीपेक्षा वेगळी आहे, नेमकी तिथे चूक होते. म्हणजे मूल एक व्याकरण पक्के जाणते आणि त्याच्या आधाराने दुसरे उभारू पाहते आहे.

गणिताला भाषा असते

"निदान गणितात तरी अडचण नको, आकडे सगळीकडे सारखेच," असे आपण म्हणतो. आकडे सारखे असले तरी त्यांची नावे सारखी नसतात. चिनीत १० म्हणजे 'शी' आणि १ म्हणजे 'यी'. ११ ला 'शी-यी' म्हणतात, म्हणजे दहा-एक. २३ ला 'दोन-दहा-तीन' असे म्हणतात. दहापर्यंतची नावे आली की ९९ पर्यंत मोजता येते. मराठीत २३ म्हणजे तेवीस. बोलताना एकक आधी, लिहिताना दशक आधी. २९ ला तर आपण तिशीची आठवण काढून एकोणतीस म्हणतो. केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकन बालकांच्या मोजण्याची तुलना प्रसिद्ध केली. दहापर्यंत दोघांत फरक नव्हता. फरक पडू लागला तो ११ च्या पुढे, जिथे इंग्रजी नावे वेडीवाकडी होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन आले आणि त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्यामागचा मुद्दा हाच होता.

आता आपल्या मुलाचे पाहा. त्याला पैंसठ येते, पण पासष्ट कळत नाही. तैंतालीस येते, पण त्रेचाळीस कळत नाही. तोंडी गणितात तो चुकतो. तेच गणित फळ्यावर आकड्यांत मांडले की बरोबर येते. मग त्याचे गणित कच्चे म्हणायचे की आकड्यांची मराठी नावे कच्ची?

रशियन आणि इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या लोकांवर केलेला एक प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना काही बेरजा एका भाषेत पाठ करायला दिल्या आणि नंतर त्याच दुसऱ्या भाषेत विचारल्या. अचूक उत्तर द्यायला त्यांना जास्त वेळ लागला. अंदाजे उत्तर सांगताना मात्र भाषेने फरक पडला नाही. पाढे आणि बेरजा आपण ज्या भाषेत पाठ करतो, त्या भाषेला त्या चिकटून राहतात. जालन्यातील जुन्या माणसांना हे सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते. घरी मराठी आणि शाळेत उर्दू, अशी एक पिढीच इथे शिकली.

हा अनुभव स्वतः घेऊन पाहा. घड्याळ समोर ठेवा आणि ४७ अधिक ३८ ही बेरीज मनातल्या मनात मराठीत करा. नंतर ५६ अधिक २७ ही बेरीज मनात फक्त इंग्रजी किंवा हिंदी आकडे म्हणत करा. लागलेल्या वेळातला फरक म्हणजे त्या मुलावरचे रोजचे ओझे.

बोलता आले म्हणजे झाले का?

साधारण दोन वर्षांत मूल मैदानावर फर्डे मराठी बोलू लागते. मग शिक्षकांची समजूत होते, की भाषेचा प्रश्न मिटला. आता मागे पडला तर दोष मुलाचा. येथेच मोठी फसगत होते.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी टोरोंटोतील परदेशांतून आलेल्या मुलांची माहिती तपासून १९८१ मध्ये दाखवले, की बोलण्याची भाषा सुमारे दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षे लागतात. खेळताना "इकडे टाक" म्हटले की चेंडू, हात आणि हावभाव अर्थ सांगतात. पुस्तकातल्या "बाष्पीभवनाचा वेग कोणत्या घटकांवर अवलंबून असतो?" या वाक्याला असा कोणताही आधार नसतो. युंग विंगला निबंधाचे बक्षीस मिळायला दहा वर्षे लागली हे आठवावे. तिसरीत आलेल्या मुलाला ही पाच-सात वर्षे देईपर्यंत तो दहावीजवळ पोहोचतो. म्हणून त्याला एक वर्ष खाली बसवून फायदा होत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही वयाला योग्य अशाच वर्गात प्रवेश द्यायला सांगितले आहे. लागतो तो वरच्या इयत्तांपर्यंत टिकणारा आधार.

घरची भाषा सुटली तर?

आता राहिली युंग विंगची पुढची गोष्ट. आठ वर्षे अमेरिकेत राहून तो परत निघाला. जहाज हाँगकाँगजवळ आले तेव्हा वाट दाखवण्यासाठी एक चिनी नावाडी वर आला. पुढे पाण्यात खडक आहेत का, असे त्याला विचारायला कप्तानाने युंगला सांगितले. युंगला चिनी शब्दच आठवेनात! शेवटी नावाड्यालाच इंग्रजी समजत असल्याने काम भागले. ही फजिती युंग विंगने आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली आहे. मग कँटनला राहून त्याने आपली मातृभाषा पुन्हा शिकून घेतली. सहा महिन्यांच्या आत ती बोलण्याइतकी परत आली. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पक्की झालेली भाषाही न वापरल्याने गंजते, पण मुळे खोल असतील तर ती पुन्हा उगवते.

आठ वर्षांच्या मुलाची मुळे इतकी खोल गेलेली नसतात. याच युंग विंगच्या प्रयत्नाने १८७२ ते १८७५ या काळात चीन सरकारने १२० मुलगे अमेरिकेत शिकायला पाठवले. ते तिथल्या कुटुंबांत राहिले. त्यांना चिनीचे धडे घेण्यासाठी मधूनमधून हार्टफर्डच्या कचेरीत यावे लागे. मुले आपली भाषा आणि रीतभात विसरत चालली, अशी तक्रार अधिकाऱ्यांनी केली आणि १८८१ मध्ये सर्वांना परत बोलावले. मुलांचे शिक्षण अर्धवट तोडू नये म्हणून येलचे अध्यक्ष नोआ पोर्टर आणि इतरांनी चीन सरकारला पत्रही लिहिले होते. एका बाजूला घरची भाषा जाईल ही भीती आणि दुसऱ्या बाजूला नवे शिक्षण जाईल ही भीती. दोन्ही एकत्र चालू शकतात, हे मानायला त्या अधिकाऱ्यांची तयारी नव्हती. या मुलांपैकी येलला शिकून आलेल्या झान त्यान्यौ यांनी पुढे १९०५ ते १९०९ या काळात डोंगरातून जाणारा बीजिंग–झांगज्याखौ लोहमार्ग बांधला.

आता मुख्याध्यापकांच्या सल्ल्याकडे येऊ. "घरातही मराठीतच बोला" असे सांगितल्यावर काय घडते? आईला मराठी येत नाही. ती मोजून दहा-वीस वाक्ये बोलते. "जेव", "झोप", "अभ्यास कर". गोष्टी बंद होतात, गावाकडच्या शेताच्या, नदीच्या, आजीच्या गप्पा बंद होतात. 'का' आणि 'कसे' हे प्रश्न बंद होतात. मुलाला मराठी तर नीट मिळत नाहीच, वर विचार करायला शिकवणारी भाषाही जाते. भिजलेले कपडे वाळतात कसे, हे आईने भोजपुरीत समजावून दिले असेल, तर त्या मुलाला मराठीत 'बाष्पीभवन' हा फक्त एक नवा शब्द शिकायचा असतो. कल्पना आधीच तयार असते. ती नसेल तर शब्द आणि कल्पना दोन्ही शिकायची वेळ येते. घरची भाषा मराठीची जागा अडवत नाही. ती पाया घालते.

मग काय करावे?

पहिले, पालकांना उलट सल्ला द्यावा. "घरी तुमच्याच भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा, हिशेब करायला लावा. मराठीचे आम्ही पाहतो."

दुसरे, बुद्धीविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी आईवडिलांना विचारावे, हा घरी आपल्या भाषेत वयाप्रमाणे बोलतो का? निरोप नीट सांगतो का? उत्तर 'हो' असेल तर थोडा धीर धरावा. घरच्या भाषेतही बोलणे उशिरा आले असेल किंवा हाक मारल्यावर लक्ष जात नसेल, तर मात्र प्रथम कान तपासून घ्यावेत.

तिसरे, सुरुवातीला गणिताची परीक्षा आकड्यांत घ्यावी. भिंतीवर १ ते १०० या संख्यांची मराठी आणि हिंदी नावे शेजारी-शेजारी लावावीत.

चौथे, थोडी मराठी येणारा त्याच भाषेचा मोठा मुलगा असेल तर त्याला शेजारी बसवावे. दोघांनी आपसांत भोजपुरीत बोलले तर रागावू नये.

पाचवे, आठवड्यातून एकदा सगळ्या वर्गाने त्या मुलाकडून पाच शब्द शिकावेत. तांड्यावरून येणारी मुले गोरमाटी शब्द सांगतील, उर्दू बोलणारी मुले उर्दू सांगतील. गप्प मुलगा त्या तासाला शिक्षक होतो.

यासाठी नवा हुकूम लागत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे ३५० क हे कलम १९५६ पासून सांगते. एका शाळेला भोजपुरी शिक्षक मिळणे कठीण आहे. पण त्या भाषेला वर्गात बसू देणे कठीण नाही.

शेवटी आपल्याच मुलांची आठवण ठेवू. दरवर्षी पावसाळा सरला की अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतून ऊसतोडीला कुटुंबे निघतात. काही सीमेपलीकडे कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. तिथल्या कानडी शाळेत बसलेला आपल्या गावचा मुलगाही गप्पच असेल. त्याच्या वडिलांना तिथल्या मुख्याध्यापकांनी काय सांगावे असे आपल्याला वाटते? तेच आपण आपल्या शाळेत आलेल्या वडिलांना सांगायचे आहे.